स्कॉलरशिप मंजूर झाली पण पैसे येईनात, आधार सीडिंगचा माझा अनुभव

महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल) भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला असेल तर हे नक्की वाचा, कारण माझी अडचण फॉर्ममध्ये नव्हतीच, फॉर्म मंजूर झाल्यावर सुरू झाली. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला (अडीच लाखांच्या आतला लागतो), मार्कशीट, सगळं अपलोड केलं, कॉलेजमधून पुढे समाजकल्याणला गेलं आणि मंजूर पण झालं. वर्गातल्या मुलींच्या खात्यात पैसे आले, माझ्या नाही.

कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला विचारलं तर म्हणाले बँकेत जा, बँकेत गेले तर म्हणाले तुमचं आधार लिंक आहे, कॉलेजला विचारा. काउंटरवरच्या सरांनी तर स्क्रीनच माझ्याकडे वळवली, आधारचे शेवटचे चार आकडे बोटाने दाखवले, "हे बघा, आहे ना? आमच्याकडून काही बाकी नाही." आता यावर माणूस काय बोलणार? परत कॉलेज, परत बँक, परत तीच रांग, लेक्चर बुडतंय ते वेगळंच. त्यात परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली आणि ऑफिसमध्ये सांगितलं आधी फी भरा. माझे वडील मजुरीला जातात, एवढी रक्कम एकदम आणणार कुठून? शेवटी मंजुरीच्या स्टेटसची प्रिंट जोडून प्रिन्सिपल सरांना लेखी अर्ज दिला, मुदत द्या म्हणून, आणि त्यांनी सही केली. असा अर्ज तोंडी करू नका, लेखीच द्या आणि आपल्या कॉपीवर पोच घ्या.

खरा उलगडा केला हॉस्टेलमधल्या एका ताईने. तिने मोबाइलवर माय आधारची साइट उघडली, ओटीपी टाकून लॉगिन केलं आणि बँक सीडिंग स्टेटस दाखवलं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जातात ते. तिथे गावाकडच्या बँकेचं नाव! शाळेत असताना काढलेलं खातं, कधीचं बंद पडल्यासारखं.

तर गोष्ट अशी आहे की खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग वेगळं. हे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार नंबर बघून येतात. एनपीसीआयच्या (बँकांमधली पेमेंट व्यवस्था चालवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल तिकडेच जातात, आणि एका वेळी तिथे एकाच बँकेचं नाव असतं. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ व्यवहार नसला की खातं इनऑपरेटिव्ह (निष्क्रिय) होतं, माझं तसंच झालेलं, म्हणून पेमेंट फेल. हे एवढं साधं एका माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? मला अजून राग येतो त्याचा.

मग बँकेत जाऊन स्पष्ट शब्दात सांगितलं, आधार लिंक नको, डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय, जुन्या बँकेतून इथे आणायचंय. आधी "असा फॉर्म नसतो" झालंच. मी हलले नाही, मॅनेजर मॅडमकडे गेले, त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढून दिला. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहायला जागा असते, ती रिकामी ठेवू नका. काही दिवसांनी स्टेटसमध्ये नवीन बँक दिसली आणि मी खरंच रडले.

पण फेल गेलेले पैसे आपोआप आले नाहीत हं, कॉलेजमधून समाजकल्याणला कळवावं लागलं, मग आले. आणि एससीच्या मुलांनी लक्षात ठेवा, केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळा येतो, एक आला आणि दुसरा नाही म्हणून लगेच घाबरू नका.

सरकारी हॉस्टेल मिळालं नसेल तर स्वाधारचा (एससी मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणारी राज्याची योजना) फॉर्म पण भरा, पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, रूम आणि मेसचा मोठा भार हलका होतो. त्यालाही हेच सीडिंग लागतं.

अजून एक राहिलं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे, नाहीतर स्टेटस बघायचा ओटीपीच येणार नाही. घरच्यांचा जुना नंबर असेल तर आधार केंद्रात जाऊन तो आधी बदलून घ्या, फॉर्म सुरू व्हायच्या आतच.