चोवीस खुर्च्या आणि नऊ दिवस

स्पेनच्या बास्क भागातल्या बिल्बाओ शहराच्या जुन्या पेठेत, 'सात गल्ल्या' म्हणतात त्या भागात, आमचं चोवीस खुर्च्यांचं हॉटेल आहे. मी रत्नागिरीचा, बायको इथलीच. २०१७ च्या मे महिन्यात आम्ही शटर उघडलं आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच आस्ते नागुसियानं, म्हणजे इथल्या मोठ्या उत्सवानं, आमचं पितळ उघडं पाडलं.

आस्ते नागुसिया म्हणजे 'मोठा आठवडा'. १५ ऑगस्टनंतरच्या शनिवारी आरियागा थिएटरसमोर माणसाला माणूस चिकटलेला असतो, उत्सव सुरू झाल्याचा, चुपिनाथोचा बार उडतो आणि बाल्कनीत दोन्ही हात वर केलेली मारियाया दिसते. उत्सवाची बाहुली ही, जाडजूड, गालफुगी बाई. मारी पुरी एर्रेरो या चित्रकर्तीनं ती १९७८ साली घडवली. तो उत्सव रस्त्यावरच्या माणसाचा झाला, तोही त्याच वर्षी. तोवर पैसेवाल्यांचा थाट जास्त. तिथून पुढे नऊ दिवस गाव झोपत नाही. कोंपार्सा, म्हणजे आपल्याकडची मंडळंच म्हणा, नदीकाठी चोस्ना नावाचे मांडव टाकतात आणि पहाटेपर्यंत पेले भरत राहतात.

एवढी गर्दी दारात, म्हणून आम्ही खास बसून जेवायचा बेत छापला. सूप, भात, कोळंबी, गोड. टेबलावर इस्त्रीचे कापड. रात्री अकराला चोवीसपैकी पाच खुर्च्या भरलेल्या आणि बाहेर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही! सासूबाई (त्यांना मीही 'अमा'च म्हणतो, बास्कमध्ये अमा म्हणजे आई) कोळंबीचं पातेलं बघून एवढंच म्हणाल्या, "अरे, या आठवड्यात बसायला कोण येतं?"

पुढच्या वर्षी टेबलं आत सरकवली, दारातच काउंटर मांडला. काडीला टोचलेले पिंचो, म्हणजे छोटे घास, चाकोली या इथल्या पांढऱ्या वाइनचे ग्लास आणि एकच पातेलं: मार्मिताको. बोटीवरच्या कोळ्यांचं कालवण हे. उन्हाळ्यात इथे बोनितो मासा येतो, त्याच्यासोबत बटाटा, कांदा आणि भिजवून आतला गर खरवडून घेतलेली सुकी लाल मिरची. ती तिखट नसते, रंगाला आणि गोडसर चवीला.

बटाटा कापायचा नाही, हे शिकायला मला एक महिना लागला. सुरी अर्ध्यापर्यंत घालायची आणि मनगट वळवून तुकडा तोडायचा. 'कट्' असा आवाज आला पाहिजे. तुटलेल्या कडेतून पिठूळपणा सुटतो आणि रस्सा आपोआप दाट होतो. मी सरळ कापलेले बटाटे अमांनी एकदा पाण्यासकट बाजूला काढून ठेवले होते, दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटला. मासा तर गॅस बंद केल्यावरच टाकायचा, उरलेल्या उष्णतेवर शिजतो. आमच्याकडे मासा रटरट उकळतो, त्यामुळे मला ते कच्चंच वाटायचं. एकदा गुपचूप दोन आमसुलं टाकली. अमा काही बोलल्या नाहीत. वाटी नुसती सरकवली.

मग २०२० आणि २०२१. दोन्ही वर्षी उत्सव रद्द. ऑगस्टमध्ये गल्ली इतकी शांत की समोरच्या घरातला नळ ऐकू यायचा. भाडं मात्र चालू. एक पोरगा कमी करावा लागला, त्याची रुखरुख अजून आहे. त्या दिवसांत अमा १९८३ बद्दल सांगायच्या: उत्सव ऐन रंगात असताना, २६ ऑगस्टला, नदी या गल्ल्यांत शिरली. पाणी कुठवर चढलं याच्या खुणा पेठेतल्या भिंतींवर आहेत. मी खाली उभा राहिलो तर मान वर करून बघावं लागतं. "तेव्हाही दुकानं उघडली की," त्या म्हणायच्या, आणि मग चिखल उपसायला किती दिवस लागले यावर त्यांचं आणि शेजाऱ्याचं भांडण व्हायचं.

२०२२ ला बार उडाला तेव्हा आमचं पातेलं दुप्पट मोठं होतं, तरी साडेनऊला संपलं. तो गेलेला पोरगा परत आला होता, गिऱ्हाईक म्हणून. काउंटरच्या आत शिरून त्यानं तासभर ग्लास धुतले.

शेवटच्या रविवारी रात्री मारियायाला नदीवर जाळतात. मी आईला रत्नागिरीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं नीट बघितलं.

"नदी शेजारीच आहे, मग बुडवत का नाहीत रे?"

मी अमांना विचारलं. त्या काउंटर पुसत होत्या. "ओली झाली तर जळेल कशी?" म्हणाल्या, आणि फडका माझ्या हातात दिला.