आठ ट्रेंचा हिशेब

मे महिन्याच्या अखेरीस शिरूर तालुक्यातील एका लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मवर, मी सकाळी सातच्या आत पोहोचले. पिंजरामुक्त अंड्यांच्या प्रमाणपत्राची तपासणी कोंबड्या अंडी घालत असतानाच करावी, असा माझा आग्रह असतो; त्या वेळी त्या अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या खुराड्याकडे स्वतःहून जातात की कोपऱ्यात गर्दी करून बसतात, यावरून शेडची निम्मी परीक्षा होते. मी पशुवैद्यक आहे आणि गेली काही वर्षे हेच काम करते.

शेड पाहून मन प्रसन्न झाले. ४० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद जागेत १,८५० कोंबड्या होत्या, म्हणजे चौरस मीटरला आठसुद्धा नाहीत. युरोपीय संघाच्या १९९९ सालच्या निर्देशात ही मर्यादा ९ आहे, सात कोंबड्यांमागे एक खुराडे आणि प्रत्येकीला बसण्यासाठी १५ सेंटिमीटर आडवी काठी असावी असे त्यात म्हटले आहे, आणि आमचे निकषही बहुतांशी त्यालाच धरून आहेत. मी कडेचे, मधले आणि पाणी पिण्याच्या निपलखालचे असे तीन ठिकाणचे बिछान्याचे तूस मुठीत दाबून पाहिले. मूठ उघडताच ते मोकळे झाले, म्हणजे कोरडे होते. एक कोंबडी भिंतीलगत खड्डा करून पंख पसरून त्यात अंग घुसळत होती आणि मी शेजारी उकिडवी बसले तरी ती उठली नाही. चाळीस कोंबड्या हातात घेऊन तपासल्या. पिसे भरलेली, तळव्यांना फोड नाहीत, छातीचे हाड सरळ. छतावर उसाचे पाचट अंथरलेले होते आणि पाण्याचे बारीक तुषार सोडणारे फॉगर सुरू होते. इतके चांगले गुण मी त्या वर्षात कोणालाही दिले नव्हते.

त्यानंतर मी अंड्यांच्या खोलीत गेले. खिडकी झाकून, दिवा मालवून, रवाना व्हायला तयार असलेल्या ट्रेंवर मी अतिनील प्रकाशाची बॅटरी धरली. पहिले चार ट्रे स्वच्छ होते. पाचव्यात जवळजवळ प्रत्येक अंड्यावर दोन समांतर, सरळ रेघा दिसल्या.

या रेघा कशाच्या, हे सांगायला हवे. पिंजऱ्याचा तळ तारेचा आणि उतरता असतो, त्यामुळे घातलेले अंडे लगेच घरंगळत पुढच्या पन्हळीत येते. नुकत्याच घातलेल्या अंड्याचे कवच काही क्षण ओले असते आणि त्या ओल्या थरावर तारांच्या खुणा उमटतात. साध्या उजेडात त्या दिसत नाहीत. तुसाच्या बिछान्यावर घातलेल्या अंड्यावर अशा सरळ रेघा उमटण्याचे कारण नसते. तरीही एवढ्यावरून मी कोणाला दोषी धरत नाही. रेघांमुळे संशय येतो. तो खरा की खोटा, हे हिशेबातूनच ठरते.

शेडच्या दाराशी खिळ्याला शाळेची दोनशे पानी वही लटकत होती. मालकाची पत्नी रोज संध्याकाळी तीत मोजणी लिहीत असे. त्या आठवड्यात कुठे ४२ ट्रे, कुठे ४१ आणि वर काही अंडी, म्हणजे ट्रेला ३० अंडी धरून उत्पादन ६७-६८ टक्के, शंभर कोंबड्यांमागे दिवसाला ६७-६८ अंडी. मालकाकडच्या विक्रीच्या नोंदवहीत मात्र रोजचे ५० ट्रे होते, आणि तेवढी अंडी येण्यासाठी उत्पादन ८१ टक्के लागते. मी खाद्याची बिले काढायला सांगितली. महिन्याचा हिशेब दिवसाला सुमारे १७० किलोवर येत होता, म्हणजे कोंबडीमागे ९२ ग्रॅम. उन्हात कोंबडी खाणे कमी करते आणि अंडीही कमी देते, हे कोणीही पोल्ट्रीवाला सांगेल. बिले त्या वहीच्या बाजूने बोलत होती.

मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी. "ती वही माझी आहे, मॅडम. तीत एकही आकडा खोटा नाही."

मग मालकांनी सांगितले. "कोंबड्यांना आम्ही काही त्रास दिलेला नाही हो, तुम्ही बघितलंच. पण खरेदीदाराला रोजचे पन्नास ट्रे लिहून दिलेत. कमी पडले की बिलातून कापतात. दोनदा कापले. तिसऱ्यांदा करार मोडू म्हणाले. मग शेजारच्या पिंजऱ्यावाल्याकडनं आठ ट्रे घ्यायला लागलो."

दोन्हीकडे एकाच पांढऱ्या जातीच्या कोंबड्या, एकसारखीच अंडी. चवीत फरक नाही, बलकात नाही, वजनातही नाही. ज्या ग्राहकाने 'पिंजरामुक्त' या लेबलासाठी जास्त पैसे मोजले, त्याने ते खाण्यापेक्षा कोंबडीच्या जगण्यासाठी मोजले होते. आणि त्या आठ ट्रेंमागची कोंबडी कागदाच्या ए-फोर पानापेक्षाही कमी जागेत पंख न पसरता उभी होती. युरोपीय संघात २००४ पासून अंड्यावरच अंक छापावा लागतो, ० म्हणजे सेंद्रिय आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातले. आपल्याकडे तशी सक्ती नाही. प्राण्यांना हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे ही क्रूरता आहे, असे १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात आहे, पण अंड्याच्या खोक्यावर लिहिलेला शब्द खरा की खोटा हे मात्र आमच्यासारख्यांच्या तपासणीवरच अवलंबून राहते. म्हणून मला त्या आठ ट्रेंकडे दुर्लक्ष करता येत नव्हते.

पण मला राग आला तो त्या कराराचा. पुन्हा जास्त अंडी मिळावीत म्हणून कोंबडीला उपाशी ठेवून पिसे झडवू नका, उन्हात तिच्यावर जबरदस्ती करू नका, असे निकष सांगतात आणि ते बरोबरच आहे. मग तिची अंडी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होणारच. दयेने पाळलेल्या कोंबडीचे अंडे हवे आणि पुरवठा मात्र बारा महिने यंत्रासारखा हवा, ही मागणीच विसंगत आहे. तिची किंमत त्या कुटुंबाने चुकवली. माझ्या अहवालात मी शेडचे गुण पूर्ण दिले, लेबलाच्या दुरुपयोगाचा गंभीर दोष नोंदवला, प्रमाणपत्र स्थगित करण्याची शिफारस केली, आणि खरेदीदाराने उन्हाळ्यात पुरवठ्याचा आकडा कमी धरावा असा स्वतंत्र परिच्छेद लिहिला. तसा परिच्छेद आमच्या नमुन्यात नव्हता. मी तो जोडला.

निघण्यापूर्वी उरलेली लेबले ताब्यात घ्यावी लागतात. आम्ही तिघांनी ओसरीवर बसून ती मोजली, पाकिटात घातली, मी त्यावर मोहोर लावली आणि दोघांनी सह्या केल्या. मालकांनी रेघांची अंडी वेगळी काढून बिनलेबलाच्या ट्रेंमध्ये भरली. मी संध्याकाळपर्यंत थांबले होते, त्यामुळे त्या दिवसाची मोजणी माझ्यासमोर झाली. वहिनींनी पदराला हात पुसले, खिळ्यावरची वही काढली आणि तारखेपुढे लिहिले : ४१ ट्रे, ९ अंडी.