शेळीला चालतो, मग गाईला का नाही?

निफाड तालुक्यात पशुवैद्यक म्हणून फिरताना कांद्याचा भाव मला बाजार समितीच्या आधी गोठ्यात कळतो. भाव बरा असेल तर गव्हाणीत मका आणि लसूणघास दिसतो. भाव कोसळला की कांदाचाळीतून निवडून काढलेली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आणि अर्धवट सडलेला कांदा जनावरांपुढे येऊन पडतो.

गेल्या भाद्रपदात लासलगावजवळच्या एका वस्तीवरून सकाळीच फोन आला, “साहेब, गाय लाल मुततेय.” लाल लघवी म्हटली की आमच्याकडे पहिला संशय गोचीड तापाचा येतो. ताज्या व्यालेल्या गाईत स्फुरदाच्या कमतरतेनेही असे होते, पण ही एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय पाच महिन्यांची गाभण होती. कासेजवळ दोन-चार गोचिडी दिसल्यावर मी सिरिंज भरूनही घेतली. थर्मामीटरने मात्र १०१ अंश फॅरनहाइट दाखवले, म्हणजे तापाचा पत्ताच नव्हता. तरीही, खरे सांगायचे तर, पुढे आठ गोठे वाट पाहत असल्यामुळे मी ते इंजेक्शन देऊन मोकळा झालो असतो. तेवढ्यात मालक सहज बोलून गेले की दोन दिवसांपासून दूध संकलन केंद्रावरून परत येते आहे, वास मारतो म्हणून.

मी गाईच्या नाकपुडीजवळ वाकलो. भजी तळायला कांदा चिरून ठेवावा, तसा दर्प तिच्या श्वासाला होता. गव्हाणीच्या तळाशी ओली टरफले चिकटली होती. “रोज दोन पाट्या, आठ दिवस झाले,” मालक म्हणाले. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये पोटातून रक्तात जातात, तशीच ढेकरेच्या वायूबरोबर फुप्फुसात शिरूनही रक्तात मिसळतात आणि तेथून दुधात उतरतात. संकलन केंद्रावरच्या मुलाचे नाक त्या दिवशी माझ्यापेक्षा दोन दिवस पुढे होते.

तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन ओट्यावर उभी करून ठेवली. लघवीत अख्ख्या रक्तपेशी असत्या, तर त्या हळूहळू तळाशी बसल्या असत्या आणि वरचा भाग नितळला असता. अर्ध्या तासानेही नळी वरपासून खालपर्यंत कोऱ्या कॉफीसारखी एकसारखी राहिली, म्हणजे पेशी शरीरातच फुटून त्यांतले हिमोग्लोबिन बाहेर पडत होते. डोळ्यांच्या आतली कातडी पांढुरकी पिवळी पडली होती आणि उभ्या जागीच गाईला धाप लागत होती.

हे सारे पायरीवर बसून पाहणाऱ्या आजींनी तेव्हा नेमका प्रश्न टाकला. “माझ्या शेळ्या त्याच ढिगावर तोंड मारत्यात, त्यांना काही होत नाही. आपण तर भाकरीसंगं रोज फोडून खातो. मग गाईलाच का?”

मी त्यांना सांगितले ते असे. कांद्यातील ही द्रव्ये तांबड्या पेशीतील संरक्षक साठा संपवतात, मग हिमोग्लोबिन गंजल्यासारखे होऊन त्याच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात आणि अशी पेशी फार काळ तग धरत नाही. या बाबतीत गाय फार नाजूक, तर शेळ्या-मेंढ्या बऱ्याच काटक असतात. मेंढीच्या पोटातले जिवाणू ही द्रव्ये मोडायला काही दिवसांत सरावतात. शिवाय शेळी एका जागी पोट भरत नाही, इथे एक घास आणि तिथे एक घास घेते, पण गाय पुढ्यात पडलेल्या पाट्या निमूट संपवते. माणसाचे म्हणाल, तर आपण खातो ते वजनाच्या मानाने फारच थोडे. (मांजर गाईप्रमाणेच नाजूक असते. शिजवल्यानेही कांद्याचा हा गुण जात नाही, म्हणून रश्शात कुस्करलेली भाकरी मांजरापुढे ठेवू नये.)

दवाखान्यात येऊन रक्ताची काच रंगवली. भिंगाखाली पेशीपेशीच्या कडेला त्याच गुठळ्यांचे निळे ठिपके होते, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० साली वर्णन केलेले. पुस्तकात पाहिलेले ते ठिपके इतक्या दाटीने मी प्रथमच पाहत होतो. हिमोग्लोबिन साडेचारावर आले होते. गाईत ते किमान आठ तरी असावे. या विषबाधेवर नेमका उतारा नाही. कांदा बंद करणे आणि वेळ पडल्यास रक्त देणे, एवढेच हाती असते. गाईला पहिल्यांदा रक्त देताना सहसा गट जुळवावा लागत नाही, त्यामुळे मालकांच्या भावाच्या धडधाकट बैलाचे चार लिटर रक्त दुपारी संथपणे चढवले. संध्याकाळपर्यंत धाप उतरली आणि तिने रवंथ सुरू केले.

चौथ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. उरलेला ढीग शेणखताच्या खड्ड्यात गेला; आजींनी शेळ्यांपुरता एक डालगाभर कांदा मात्र बाजूला काढून ठेवला होता. माझा खुलासा त्यांनी आपल्या परीने पक्का केला होता. “म्हणजे शेळीचं रक्तच गाईपेक्षा तिखट,” त्या म्हणाल्या, आणि मी बॅग आवरता आवरता नुसती मान हलवली.