आमची वाटचाल : वडापपासून पक्ष्यांपर्यंत

आमचा धंदा मुळात गाड्यांचा. वडिलांची सातारा-मेढा रूटला वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप होती, पुढं मी कर्ज काढून गाड्या घेतल्या आणि कासच्या फुलांच्या पठारावर पर्यटक न्यायला लागलो. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांत कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, मग तर सप्टेंबरात गाडीला उसंत नसायची. पण फुलं म्हणजे ऑगस्ट संपता संपता ते ऑक्टोबरची सुरुवात, बास. हप्ता मात्र बँक बारा महिने कापते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, फिरायला कोण येतंय, गाड्या आपल्या दारात उभ्या.

त्याच दिवसांत पुण्याचे एक काका एकटेच आले, म्हणाले मला फुलं नकोत, पक्षी बघायचेत. मला कावळा-चिमणीच्या पुढं फारसं माहीत नाही, म्हणून बामणोलीकडच्या ओळखीच्या एका मामांना बरोबर घेतलं. मामांचं आयुष्य शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठच्या रानात गेलेलं. मला वाटलं आता डोंगर पालथा घालायला लावणार, तर ते एका काटेसावरीच्या समोर खाली बसले. काकांची चुळबूळ सुरू झाली तसं म्हणाले, "पाहुणं, बसा की जरा गपचिप. झाड कुठं पळतंय व्हय."

आणि खरंच, आम्ही कुठं गेलोच नाही. सावरीला त्या दिवसांत पान नसतं, नुसती लाल फुलं, त्यामुळं पक्षी लपायला जागाच नाही. आधी बुलबुल आले, तोंड फुलात घालून बाहेर काढलं की पराग माखलेला, मग मैना, शिंजीर, पर्णपक्षी, आणि सगळ्यांना हाकलणारा कोतवाल. वरच्या फांदीवर शेकरू येऊन फुलं खुडायला लागलं, अर्धी खाऊन खाली टाकत होतं, आणि ती पडलेली फुलं खायला झुडपातून एक भेकर पुढं आलं, आम्ही दिसल्यावर थबकलं, भुंकलं आणि गेलं. काका निघताना म्हणाले पुढच्या महिन्यात चार जण घेऊन येतो. आले पण.

आमचा सगळा धंदा तिथनं बदलला. आता जानेवारीअखेर ते एप्रिल हाच आमचा मुख्य सीझन. आधी सावर, तिच्या मागोमाग पांगारा, मग अंजनीचं झाड फुलांनी निळं होतं आणि उंबराला फळं असली की राखी धनेश पक्षी हमखास. कुटुर्गा पक्षी दिवसभर ओरडतच असतो, त्याचे पैसे लावत नाही! चालायचं कमी, बसायचं जास्त, हे बुकिंगलाच सांगतो, ज्यांना ट्रेकच पाहिजे त्यांना वासोटा किल्ल्याचा रस्ता दाखवतो. २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळं फोनवर पहिला प्रश्न "वाघ दिसेल का?" हाच असतो. मी सरळ नाही म्हणतो. गवा दिसू शकतो, दिसला तर लांबूनच बघायचा, सेल्फीसाठी पुढं गेलेला माणूस मी परत गाडीत बसवलाय.

सुरुवातीला दुर्बिणी घेताना दुकानदार जास्त नंबरची गळ्यात मारायला बघत होता. आम्ही ८ बाय ४२ च घेतल्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या, पुढची काच ४२ मिलिमीटरची. १० ची दुर्बीण नवख्या माणसाच्या हातात जास्त हलते आणि दिसणारा भागही सहसा कमी असतो, तेवढ्यात पक्षी उडून जातो. या एका गोष्टीनं आमचे निम्मे पाहुणे खूश होतात असं माझं मत आहे.

भांडण होतं ते मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवण्यावरनं. मोठे कॅमेरेवाले म्हणतात कॉल लावा, लगेच समोर येईल. येतो ना, पण तो वीण सोडून खोट्या नराशी भांडायला येतो. धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते आणि नर तिथनं तिला भरवतो, आपण खाली गर्दी केली तर तो फळ चोचीत धरून लांबच बसणार. म्हणून कॉल नाही आणि ढोलीजवळ जाणं नाही. यावरनं एक मोठा ग्रुप कायमचा गेला, त्या महिन्यात हप्त्याला ओढाताण झाली, बायकोनं डब्याच्या ऑर्डरी घेऊन निभावलं. तिचं पिठलं-भाकरी आणि खर्डा हा तसाही आमच्या ट्रेलचा अर्धा भाग आहे, काहीजण पक्ष्यांपेक्षा त्याचीच चौकशी करतात.

खरा त्रास वणव्याचा. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असं समजून मार्चमध्ये डोंगर पेटवतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचं त्यात काय होत असेल सांगायला नको. मामांनी त्यांच्या गावातली पोरं जाळपट्टे, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत नसलेले पट्टे, काढायला तयार केलीत, मजुरी आमच्या फीमधनं जाते, म्हणून आमचे दर इतरांपेक्षा थोडे जास्त वाटतील.

आणि तारखेचं. कंपन्यांचे फोन येतात, दोन महिने आधी शनिवार-रविवार फिक्स करा म्हणतात. आम्ही मामांना फोन करतो, पांगारा फुललाय का विचारतो आणि मगच तारीख देतो. झाड मागंपुढं झालं तर तारीख पण होते, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांचा ॲडव्हान्स आम्ही पूर्ण परत देतो.