दोन बिस्किट कलर आणि आमची शहाबादी

दिवाळीआधी घर रंगवायचं ठरलं आणि मी नेटवर बघून बघून दोन शेडवर येऊन अडकलो, शेरविन विल्यम्स या अमेरिकन कंपनीचे ॲक्सेसिबल बेज आणि किलिम बेज, दोन्ही आपले बिस्किट कलर. तिकडचा डबा इथं कुठनं मिळणार, म्हणून राजारामपुरीतल्या दुकानात मोबाईल दाखवून मशीनवर जवळपास जाणारे दोन रंग काढून घेतले, एकेक लिटर. पेंटरमामा झाकणं उघडून म्हणाले, "साहेब, दोन्ही एकच हाय की!"

तसं त्यांचंही चुकलं नाही. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा एलआरव्ही म्हणून आकडा असतो, 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे पांढराशुभ्र, आणि ॲक्सेसिबलचा 58 तर किलिमचा 57. उजळपणात फरक नाहीच म्हणा ना. फरक आतल्या झाकेचा. ॲक्सेसिबलमध्ये राखाडी, किलिममध्ये गुलाबी-नारिंगी. पांढऱ्या रश्श्यात चुकून तांबड्याचा एक चमचा पडला की कसं दिसतं, तसा किलिम, अगदी फिक्का हां.

भिंतीवर डायरेक्ट पट्टे मारू नका. मी मारले, आणि जुन्या पोपटी रंगाशेजारी दोन्ही गुलाबीच दिसायला लागले. मग टीव्हीच्या खोक्याचे दोन मोठे पुठ्ठे कापले, दोन-दोन हात मारले आणि चार दिवस घरभर फिरवत बसलो. हॉलमध्ये खिडकी उत्तरेची, खाली निळसर करडी शहाबादी, तिथं ॲक्सेसिबल म्हणजे नुसतं प्लास्टर करून ठेवल्यासारखं. किलिम ठेवला तर ती फरशी पण बरी दिसायला लागली राव. बेडरूमचं उलटं, पश्चिमेचं ऊन पाचनंतर थेट आत, किलिम एकदम पीच! बायको म्हणाली, पार्लर वाटायलंय. तिथं ॲक्सेसिबल.

हॉलमधल्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबा काढून 3000 चे पिवळसर बल्ब लावले, नाहीतर रात्री किलिमचा सगळा ऊबदारपणा जात होता. आईला पिवळ्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून तिच्या खुर्चीवरची एक पांढरी ट्यूब तशीच आहे आणि तेवढा कोपरा रोज रात्री वेगळ्या रंगाचा दिसतो.

झाकणांवरच्या मशीन कोडचे फोटो काढून ठेवलेत. पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल येणार, पोपडे निघणार आणि मामा परत म्हणणार, कुठला बिस्किट?