एकाच गाडीत एक टर्बो कोरडा गेला, दुसरा बुडाला

गाडी टोइंगच्या ट्रकवरून आली आणि तिच्यासोबत एक पुठ्ठ्याचा खोका आला. खोक्यात मेलेला टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा), जुनी पॅकिंग आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले नट-बोल्ट. मालक तिशीच्या आतला होता. कित्येक वर्षं पैसे साठवून त्यानं ही स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिला मोठा टर्बो लावायचं स्वप्न गाडी घेण्याच्याही आधीपासून पाहिलं होतं. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मूळचा टर्बो उतरवून त्या जागी मोठा बॉल बेअरिंगचा टर्बो, पुढे दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मागे धुराचा तीन इंची डाऊनपाइप आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नवं ट्यूनिंग. काम दुसऱ्या गॅरेजमध्ये झालं होतं. पहिला टर्बो काही दिवसांतच आधी शिट्टी मारायला लागला, मग करकरला आणि जाम झाला. त्याच गॅरेजनं तसाच दुसरा बसवून दिला. आता तो दुसरा निळा धूर मारत होता. सिग्नलला थोडा वेळ उभं राहून रेस दिली की मागचं काही दिसू नये, इतका.

"दादा, टर्बोच खराब येताहेत. हा काढा आणि मूळचा बसवून द्या. मला नको आता हे."

मी म्हटलं, "टर्बो काढायचा की नाही ते नंतर बघू. आधी तुमचा खोका उघडू."

मोडलेला भाग फेकून न देता सोबत आणणारा मालक मला नेहमीच आवडतो. टर्बो कशानं गेला हे त्याच्या शाफ्टवर लिहिलेलं असतं. मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारणारी ही वस्तू. तिच्या एका टोकाला, टर्बाइनवर, इंजिनाचा 900 अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या टोकाला, कॉम्प्रेसरवर, बाहेरची हवा आणि मधे बेअरिंग. त्या बेअरिंगला ऑइल थोडा वेळ जरी मिळालं नाही तरी खूण राहतेच. मी कार्ट्रिज, म्हणजे टर्बोचा मधला गाभा, उघडून शाफ्ट बाहेर काढला. टर्बाइनच्या बाजूला थोडा रंग चढलेला असणं समजू शकतो, ती बाजू तापतेच. पण इथे कॉम्प्रेसरच्या बाजूला, बेअरिंगच्या खाली, निळा-जांभळा पट्टा होता. बेअरिंगचा केज तुटलेला. शाफ्टवर ओरखडे मात्र नव्हते. ऑइलमध्ये कचरा असता तर आधी ओरखडे दिसले असते. म्हणजे ऑइल घाण नव्हतं, ते पोचतच नव्हतं. हा टर्बो तहानेनं मेला होता.

आणि गाडीत बसलेला दुसरा टर्बो निळा धूर मारत होता, म्हणजे ऑइल बाहेर टाकत होता. एकाच इंजिनावर, एकाच जागी, एकाला ऑइल मिळालं नाही आणि दुसऱ्याला आवरेना. टर्बो खराब येत असते तर दोघांचं दुखणं एकाच जातीचं असतं. इथे दुखणी एकमेकांच्या नेमकी उलट होती, म्हणून माझा संशय टर्बोवरून उठला आणि मधे झालेल्या कामावर गेला.

तरीही इंजिनाला सोडून चालत नाही. निळा धूर रिंगांमधूनही येतो, व्हॉल्व्ह गाइडमधूनही येतो. चारही प्लग काढले, चारही कोरडे, रंग सारखा. कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर 10.5 बारच्या आसपास, एकमेकांपासून फारसं अंतर नाही. सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघणारी लीकडाउन चाचणीही ठीक. मग टर्बोच्या मागचा डाऊनपाइप सोडवला आणि पुढच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरचा धूर टर्बोत आणणाऱ्या भागाच्या, तोंडातून कॅमेरा घातला. मॅनिफोल्ड आतून कोरडा, राखाडी. टर्बाइनच्या पलीकडे मात्र काळं, ओलं, बोटाला चिकटणारं ऑइल. ही तपासणी लोक का करत नाहीत मला कळत नाही. धूर टर्बाइनमध्ये शिरेपर्यंत कोरडा आणि बाहेर पडताना ओला असेल, तर ऑइल मधेच मिसळतंय हे उघड आहे. हेड उतरवायचा खर्च तिथेच वाचतो.

आता प्रश्न उरला तो टर्बो ऑइल का टाकतोय हा. बहुतेक जण इथे "सील गेलं" म्हणतात आणि नवा टर्बो मागवतात. पण टर्बोच्या शाफ्टवर रबरी ऑइल सील नसतंच, त्या उष्णतेत रबर टिकेल कसं? तिथे पिस्टनच्या रिंगसारखी लोखंडी रिंग असते आणि तिचं मुख्य काम धुराचा आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा, दाब आत येऊ न देणं. ऑइल बाहेर जात नाही ते मुख्यतः खाली उतरून जातं म्हणून. बेअरिंगमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलला दाब नसतो, त्यात हवा मिसळून फेस झालेला असतो आणि ते नुसत्या वजनानं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत जायचं असतं. नळ पूर्ण सोडला आणि मोरी तुंबलेली असली तर पाणी उंबऱ्यावरून बाहेर येणारच, त्यात उंबऱ्याचा दोष काय?

म्हणून आधी नळ पाहिला. टर्बोच्या वरच्या बाजूला ऑइल आणणारी बारीक लाइन सोडवली. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल फार थोडं लागतं, त्यामुळे या लाइनच्या तोंडाशी ऑइल आवरणारा, साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर बसवतात. इथे तो नव्हता. साधं पूर्ण बोअरचं फिटिंग होतं. मी टी लावून गेज जोडला आणि मालकाला सेल्फ मारायला सांगितलं. थंड इंजिनावर आयडलिंगलाच 5 बार. इंजिनाचा सगळा दाब, काही अडसर न येता, थेट बेअरिंगवर.

मालकाला विचारलं, "पहिल्या टर्बोला इथे काही वेगळं फिटिंग होतं का?" त्याला आठवेना. माझ्याकडे शिकायला असलेल्या पोरानं तोपर्यंत खोक्यातली ती पिशवी टेबलावर ओतली होती. नट-बोल्टांच्या ढिगात एक छोटं फिटिंग होतं, मधे बारीक भोक पाडलेलं. उजेडाकडे धरलं तर भोकातून उजेड येईना. भिंगाखाली घेतलं. भोकात काळ्या सिलिकॉनची एक शेपटी अडकली होती, तांदळाच्या दाण्याहून लहान. चिमट्यानं ओढली तशी ती अख्खी बाहेर आली.

तिथे सगळं जुळलं. पहिल्या बसवणीत कुणीतरी लाइनच्या तोंडाला, गळू नये म्हणून, सिलिकॉन लावलं होतं. ते आवळल्यावर आतल्या बाजूला फुगलं, गरम ऑइलमध्ये तुटलं आणि थेट त्या एक मिलिमीटरच्या भोकात जाऊन बसलं. टर्बो कोरडा पडला. तो काढल्यावर गॅरेजला निळा शाफ्ट दिसला असणार, ऑइल कमी पडलं हेही कळलं असणार. मग त्यांनी काय केलं, तर भोकात काय अडकलंय ते न बघता रिस्ट्रिक्टरच काढून टाकला, म्हणजे पुन्हा ऑइल कमी पडायला नको. त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं, म्हणूनच उपाय घातक ठरला. टर्बो बनवणारे स्पष्ट सांगतात की ऑइलच्या वाटेवर सिलिकॉन लावू नका, पॅकिंग वापरा. कळकळीनं सांगतो, या एका सूचनेवर कुठलीही तडजोड करू नका.

पण माझं समाधान झालं नव्हतं. रिस्ट्रिक्टर नसल्यावर धूर येईल हे खरं, पण इतका? म्हणून मोरीही पाहायची होती. गाडी लिफ्टवर घेतली. टर्बोच्या पोटातून चेंबरकडे जाणारी परतीची नळी बाहेरून अगदी चांगली दिसत होती, उतार सरळ, कुठे दुमड नाही, दोन्हीकडे नवी क्लिप. क्लिपा ढिल्या करून नळी ओढली तेव्हा ती हातात जड आणि मऊ लागली, भिजलेल्या वस्तूसारखी. पोराला म्हटलं, "बोट घालून बघ." त्याची करंगळीही आत जाईना. 16 मिलिमीटरची नळी आतून सुजून निम्म्याच्या खाली आली होती. सुरीनं उभी चिरली. आतला थर फुगून पापुद्र्यासारखा सुटला होता. ती कूलंटची, हीटरची नळी होती. त्या नळीचं रबर पाणी आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण ऑइल लागलं की फुगतं. बाहेरून बघून हे ओळखणं कठीण असतं, त्यामुळे परतीची नळी कसली आहे हे तिच्यावरची छपाई वाचूनच ठरवायचं. छपाई पुसलेली असेल तर बदलायची.

मालक चिरलेल्या नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे टर्बोत काहीच खराबी नव्हती?"

"दोन्हींत नव्हती."

टर्बोवर खापर फोडण्याची रीत टर्बोच्या गाड्यांइतकीच जुनी आहे. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइलनं जेटफायर विकायला काढली, टर्बो घेऊन बाजारात आलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी एक. तिच्या इंजिनात ठोके पडू नयेत, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकू नये, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण थोडंथोडं सोडलं जाई. त्याची टाकी मालकानं भरायची होती. बऱ्याच जणांनी ती भरलीच नाही, टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करी आणि गाडीत दम नाही अशी तक्रार होई. पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. माझ्यासमोरचा मालकही तेच करायला निघाला होता.

दुसरा टर्बो वाचला होता का, हे आता बघायचं होतं. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा शाबूत होत्या, त्यांच्या बाहेरच्या कवचावर घासल्याची खूण नव्हती, बोटानं फिरवल्यावर शाफ्ट गुळगुळीत फिरत होता आणि डायल गेजवर आडवी-उभी हालचाल मर्यादेत होती. ऑइल जास्त झाल्यानं धूर होतो, टर्बो लगेच मरत नाही. तो ठेवला. पहिल्या टर्बोच्या बेअरिंगचे तुकडे मात्र परतीच्या वाटेनं चेंबरमध्येच उतरले असणार, म्हणून चेंबर खोलला, पिकअपची जाळी धुतली, ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला. थोडी चकाकी होती, मोठे तुकडे नव्हते. ऑइलचा दाब आधीच चांगला दिसला होता, त्यामुळे इंजिनाच्या बेअरिंगांना हात लावला नाही. इंटरकूलर उतरवून धुतला, तो आतून ऑइलनं माखला होता. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं आणि ते चूक आहे. हवेबरोबर गेलेल्या ऑइलनं पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो आणि बूस्टमध्ये ठोके पडू लागतात.

मग बसवणी. ऑइल सोसणारी, उष्णतेला टिकणारी परतीची नळी, तिच्यावर डाऊनपाइपच्या बाजूला हीट स्लीव्ह. स्वच्छ केलेला रिस्ट्रिक्टर परत जागेवर, कोरड्या फिटिंगवर, सिलिकॉनविना. नवी पॅकिंग. टर्बोच्या ऑइलच्या तोंडात हातानं ऑइल भरून शाफ्ट फिरवून घेतला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून आणि इग्निशनची जोडणी सोडवून सेल्फ मारला, गेजवर दाब येईपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू केलं. आयडलिंगवर गरम होऊ दिलं, रेस दिली नाही. सुरुवातीला सायलेन्सरमधलं साठलेलं ऑइल जळताना धूर निघाला, मालकाचा चेहरा पुन्हा उतरला. मी त्याला थांबायला सांगितलं. हळूहळू धूर पातळ झाला, मग पांढुरका, मग नाहीसा. आयडलिंगला बराच वेळ ठेवून रेस दिली. काही नाही. पुन्हा दिली. काही नाही. तो खाली वाकून सायलेन्सरमध्ये बघत होता.

त्याला त्याच संध्याकाळी पूर्ण बूस्ट हवा होता, जुन्या ट्यूनिंगमधला 1.4 बार. मी दिला नाही. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर बाजूनं सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर जेवढा येतो तेवढाच ठेवला, 0.7 बार, आणि सांगितलं की पहिलं ऑइल लवकर बदलायचं, फिल्टर माझ्यासमोर कापायचा. जोरात पळवल्यावर गाडी लगेच बंद करू नका, शेवटचा थोडा टप्पा सावकाश चालवा. कूलंट आपोआप फिरत राहून उरलेली उष्णता काही प्रमाणात काढतं, पण लाल झालेल्या टर्बाइनशेजारी उभं राहिलेलं ऑइल करपून कोळसा होतं आणि तो कोळसा पुन्हा याच बारीक वाटा बंद करतो. मॅनिफोल्डचे नट काही वेळा तापून थंड झाल्यावर तपासायचे. आणि 5,000 किलोमीटरच्या पुढे ऑइल खेचायचं नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. हे शेवटचं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

तो ठरल्याप्रमाणे आला. फिल्टरचा कागद स्वच्छ निघाला, परतीच्या नळीत माझं बोट सहज गेलं, इंटरकूलरच्या पाइपात नुसता ओलसरपणा. मगच हवेच्या वाटेवर दाब देऊन गळती तपासली, एक ढिला कपलर आवळला आणि इंजिनाच्या आकड्यांची नोंद, म्हणजे लॉग, घेत घेत बूस्ट 1.2 बारपर्यंत नेला. मिश्रण, म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, 11.5 च्या आसपास राहिलं, ठोके नाहीत. तिथे पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे ते उघडे राहण्याचा वेळ, 85 टक्क्यांना टेकली. आधीचं ट्यूनिंग याच इंजेक्टरवर 1.4 बार मागत होतं, म्हणजे तिथे मिश्रण पातळ होऊन पिस्टनच जाण्याचा धोका होता. मोठे इंजेक्टर आणि पंप आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं लॉग स्वतः वाचला, आकड्यावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारले आणि इंजेक्टर मागवले.