नेटबूट, भाग ६: दोन सेकंदांनी हुकत होतं!

मंडळी, काल रात्री पावणेबाराला बोर्ड, म्हणजे माझा छोटा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर, नेटवर्कवरून आपला आपण उठला. एसडी कार्ड नाही, कीबोर्डला हात नाही. पॉवर दिली आणि सिरियल कन्सोलवर (बोर्डचे संदेश दाखवणाऱ्या टर्मिनलवर) थेट लॉगिन प्रॉम्प्ट. मी खुर्चीतून उठून घरभर फेरी मारून आलो. तीन आठवडे या एका घोळाने डोकं खाल्लं होतं.

लक्षण मागच्या भागात सांगितलंच होतं. ऑटोबूटमध्ये यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर प्रोग्राम) आयपी पत्ता मागायला 'बूटपी ब्रॉडकास्ट १, २, ३' करत १७ पर्यंत जायचा, मग 'रिट्राय टाइम एक्सीडेड' म्हणून हात टेकायचा. 'नेटरिट्राय' हे पुन्हा प्रयत्न करण्याचं सेटिंग 'नो' ठेवलंय, त्यामुळे प्रॉम्प्टवर यायचा. आणि तिथे तीच आयपी मागणारी डीएचसीपी कमांड हाताने टाइप केली की सेकंदाभरात आयपी हजर! तोच बोर्ड, तीच केबल, तीच कमांड.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पॉवरवर संशय घेतला, तसा मीही घेतला होता. ॲडॉप्टर बदलला, केबल बदलली, बूटकमांडच्या आधी पाच सेकंदांचा स्लीप घातला. सर्व्हरवर आयपी वाटणाऱ्या डीएनएसमास्कची कॉन्फिग पुसून नव्याने लिहिली. उपयोग शून्य. सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते टीसीपीडम्पने, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या प्रोग्रामने. बोर्ड सिरियलवर ठामपणे सांगतोय की लिंक अप, १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स. आणि इकडे सर्व्हरवर त्याचं एकही पॅकेट दिसत नाही. मग पॅकेटं जातायत कुठे?

उत्तर दिव्यात होतं. काल घरचे झोपले म्हणून खोलीतली लाइट बंद ठेवून बसलो होतो. बोर्डला पॉवर दिली तेव्हा अंधारात नेटवर्क स्विचवरचा बोर्डच्या पोर्टचा दिवा नारिंगी लागलेला दिसला. बराच वेळ तसाच. मग हिरवा झाला. पुन्हा पॉवर काढून दिली आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं: ३० सेकंद.

स्पॅनिंग ट्री (एसटीपी), म्हणजे स्विचमधली नेटवर्कचे लूप टाळणारी सोय! गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून जुना मॅनेज्ड स्विच उचलला होता, त्यात एसटीपी चालू. लिंक वर आली की पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये राहतो. तोवर बोर्डची एकही फ्रेम पुढे जात नाही. आणि यू-बूट डीएचसीपीसाठी थांबतो किती? मी बिल्डमध्ये रिट्राय काउंट ५ ठेवलाय, त्या हिशेबाने २८ सेकंद. म्हणजे दार उघडायच्या दोन सेकंद आधी पाहुणा परत फिरत होता. हाताने कमांड देईपर्यंत पोर्ट मोकळा झालेला असायचा, म्हणून तेव्हा चालायचं.

खात्री करायला आधी स्विचला हात लावला नाही. 'बूटपी रिट्राय पीरियड' हा व्हेरिएबल ६०००० मिलिसेकंदांवर नेला, सेव्ह केला, पॉवर काढून दिली. १७ गेला, १८ गेला, आणि 'डीएचसीपी क्लायंट बाउंड'. त्यामागोमाग टीएफटीपीने कर्नल उतरत असल्याच्या '#' चिन्हांची रांग सरकायला लागली. ती रांग बघण्यात जे सुख आहे ते तुम्हालाच कळेल.

पण हा नुसता टेकू झाला. कर्नल फाय (बोर्डवरची नेटवर्क केबल हाताळणारी चिप) पुन्हा रिसेट करतो, लिंक पडते आणि परत ३० सेकंद. कर्नल धीराचा, एनएफएस रूट (सर्व्हरवरची रूट फाइलसिस्टिम) असेल तर आयपीसाठी मागे हटत नाही, पण ताटकळायला तर होतंच. खरा इलाज म्हणजे त्या पोर्टला एज पोर्ट करणं, मग ही ३० सेकंदांची वाट न बघता तो लगेच मोकळा होतो. बोर्डचा पोर्ट तेवढाच करा. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर हे केलंत तर लूपला आमंत्रण.

स्विचचा पासवर्ड नव्हता, म्हणजे त्याच्याही कन्सोलवर जाणं आलं. इथे एक कळकळीची सूचना: बोर्डच्या सिरियलची ३.३ व्होल्टची टीटीएल केबल तिथे लावू नका. स्विचचा कन्सोल आरएस-२३२, व्होल्टेज उणे-अधिक १५ पर्यंत जाऊ शकतं. नशिबाने निळी चपटी कन्सोल केबल स्विचबरोबरच मिळाली होती. ९६०० बॉडवर आत शिरलो, रिसेट केला, एज पोर्ट लावला. दिवा लगेच हिरवा!

टीटीएल केबलचा विषय निघालाच आहे तर, सीपी२१०२ चिपवालीच घ्या. एका दुकानातून घेतलेली स्वस्तातली केबल यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट (सेटिंग्ज) पेस्ट करताना मधली अक्षरं गाळत होती, आणि मी दोन संध्याकाळी बूटआर्ग्जमधली (कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांतली) चूक शोधत बसलो होतो. एनएफएस रूट 'व्ही३, टीसीपी' लिहिल्यावर पहिल्याच फटक्यात माउंट झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

पुढचा बेत वॉचडॉगचा (बोर्ड अडकला की तो आपोआप रिसेट करणाऱ्या टायमरचा) होता. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय: कर्नलने दुसऱ्यांदा डीएचसीपी करायचंच कशाला? यू-बूटला मिळालेला आयपी, सर्व्हर आणि नेटमास्क बूटआर्ग्जमधल्या 'आयपी=' मध्येच भरून शेवटी 'ऑफ' लिहिलं तर तो फेरा वाचेल. वॉचडॉग थांबू दे. रविवारी आधी हेच करतो, आणि जमलं तर ड्रॉवरमधले उरलेले दोन बोर्डही त्याच स्विचवर चढवतो.